बावीस श्रुतींचा हिशेब

१९१० साली सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. भरताच्या नाट्यशास्त्रापासून पुढचे बहुतेक ग्रंथकार सप्तकात बावीस श्रुती असल्याचे सांगत आले आहेत, पण त्या बावीस जागा आकड्यांत मांडून दिलेल्या जुन्या ग्रंथांत सापडत नाहीत. देवलांनी त्या मांडल्या. एका तारेचे सोनोमीटर समोर ठेवले, गायक अब्दुल करीम खाँसाहेबांकडून स्वर गाऊन घेतले, त्या स्वराशी तार मिळवली आणि तिची लांबी मोजली. महसूल खात्यात हयात गेलेल्या गृहस्थाने सप्तकाची मोजणी करून प्रत्येक श्रुतीचा सर्व्हे नंबर पाडून दिला, असे म्हणायला हरकत नाही.

तेव्हापासून या प्रश्नावर एवढे लिहिले गेले आहे की त्यात कुणाचे काय हेच सापडेनासे होते. संस्कृतचे पंडित, गणिती, भौतिकशास्त्रज्ञ, विद्युत अभियंते, कानाचे शरीरशास्त्र अभ्यासणारे आणि उच्चारशास्त्राची माणसे, सगळ्यांनी आपापला हात लावला. गंमत म्हणजे एकाचे दुसऱ्याने क्वचितच वाचले. या सगळ्यांचे एकत्र वाचन केल्यावर माझे जे मत झाले आहे ते सुरुवातीलाच सांगून टाकतो. देवलांच्या आकड्यांत फारशी चूक नव्हती. गफलत झाली ती त्या आकड्यांना हद्दीचे दगड समजण्यात.

आधी मूळ कागद पाहू. भरताने षड्जग्रामात सात स्वरांना श्रुती वाटून दिल्या त्या अशा: षड्जाला ४, ऋषभाला ३, गांधाराला २, मध्यमाला ४, पंचमाला ४, धैवताला ३ आणि निषादाला २. बेरीज २२. हे वाटप समजावण्यासाठी त्याने दोन वीणांचा प्रयोग सांगितला आहे. दोन्ही वीणा तंतोतंत एकसारख्या जुळवायच्या. एक तशीच ठेवायची, ती ध्रुव. दुसरीचा, म्हणजे चल वीणेचा, पंचम एका श्रुतीने उतरवायचा आणि मग बाकीचे स्वरही त्या प्रमाणात खाली आणायचे. असे पुन्हा केले की चल वीणेचे गांधार आणि निषाद ध्रुव वीणेच्या ऋषभ-धैवताशी मिळतात. तिसऱ्या वेळी ऋषभ-धैवत हे षड्ज-पंचमाशी मिळतात. चौथ्या वेळी षड्ज, मध्यम आणि पंचम हे निषाद, गांधार आणि मध्यमात जाऊन बसतात. ज्याला दोन, तीन आणि चार श्रुती दिल्या होत्या ते ते स्वर नेमके त्या त्या पायरीला शेजाऱ्याला भेटले. प्रयोगाची मांडणी इतकी चोख आहे की आजच्या विज्ञानाच्या वहीत ती जशीच्या तशी उतरवता येईल. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात हाच प्रयोग बावीस तारांच्या वीणेवर मांडला.

मेख एवढीच की श्रुती सारख्या की कमीजास्त, हे भरत स्पष्ट करीत नाही. सगळी भांडणे इथूनच निघाली.

सारख्या मानल्या तर काय होते, हे शाळेतल्या गणिताने तपासता येते. ध्वनीतले अंतर मोजायला अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकाने १८८५ च्या सुमारास सेंट हे माप रूढ केले. पूर्ण सप्तक म्हणजे १२०० सेंट. बावीस सारखे भाग केले तर प्रत्येक भाग साडेचोपन्न सेंटचा. भरत म्हणतो की संवादी स्वरांत ९ किंवा १३ श्रुतींचे अंतर असते. तेरा भाग म्हणजे ७०९ सेंट, आणि तारेवर सहज सापडणारा शुद्ध पंचम, म्हणजे ३/२ चे गुणोत्तर, ७०२ सेंटवर असतो. सात सेंटचा फरक. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर शुद्ध पंचम ३६० कंपनांचा, आणि सारख्या भागांचा पंचम सुमारे ३६१.५ चा. षड्जाचा तिसरा उपस्वर, म्हणजे त्याच्या कंपनांच्या तिप्पट, ७२० वर; या पंचमाचा दुसरा, म्हणजे दुप्पट, ७२३ वर. दोघे एकत्र वाजले की सेकंदाला तीन वेळा आवाज लाटेसारखा वर-खाली होतो. ज्याने आयुष्यात एकदा तरी तंबोरा जुळवला आहे त्याला हे दोन खोल्यांपलीकडून ऐकू येईल. भरताच्या काळच्या वीणावादकाला येत नसेल असे मानायला जागा नाही. म्हणून सारख्या श्रुतींचा पक्ष मला पटत नाही, जरी त्या बाजूला मोठमोठी नावे असली तरी.

कमीजास्त मानल्या तर हिशेब अतिशय सुरेख जुळतो. तीन मापांच्या श्रुती घ्यायच्या. पहिली २२ सेंटची, म्हणजे ८१/८० हे गुणोत्तर. ही प्रमाणश्रुती. दुसरी ७० सेंटची, २५/२४. तिसरी ९० सेंटची, २५६/२४३. पहिल्या मापाच्या १०, दुसऱ्याच्या ५ आणि तिसऱ्याच्या ७ घेतल्या की २२ होतात आणि बेरीज बरोबर १२०० वर येते. एक सेंट इकडे नाही की तिकडे नाही. देवलांनी आणि त्यांच्या वाटेने गेलेल्यांनी धरलेली दिशा हीच. या मांडणीत षड्ज-पंचम सोडून प्रत्येक स्वराच्या दोन-दोन जागा मिळतात. शुद्ध गांधार एक ३०० कंपनांचा (५/४), दुसरा ३०३.७५ चा (८१/६४). ऋषभ एक २७० चा, दुसरा २६६.६७ चा. षड्ज आणि पंचम अचल. दोन अचल स्वर आणि कोमल-तीव्र धरून उरलेल्या दहांच्या दोन-दोन जागा, मिळून बावीस.

गणित एवढे गोंडस जुळले की माणूस थोडा बेसावध होतो. दोन आणि तीन या संख्यांच्या घातांशी खेळले की सप्तकाचे भाग पाडायला ५, १२, ४१, ५३ हे आकडे आपोआप पुढे येतात. ५३ भाग केले तर पंचम एका सेंटच्या दहाव्या हिश्श्याच्या आत बिनचूक बसतो. या मालिकेत बावीस नाही. ऑक्सफर्डच्या बोसांके यांनी १८७७ मध्येच सप्तकाच्या हिंदू विभागणीवर लेख लिहून बावीस भागांचे गुणदोष तपासले होते. म्हणजे बाविसाचे समर्थन निव्वळ पंचमांच्या साखळीतून मिळत नाही. त्यासाठी पाच ही संख्या, म्हणजे ५/४ चा गांधार, मुद्दाम आत घ्यावा लागतो. आणि तो गांधार आपल्याला कुठे भेटतो, तर तंबोऱ्यात. त्याकडे येतोच.

त्याआधी देवलांच्या पुस्तकाचे पुढे काय झाले ते. मुंबई इलाख्यातले आय.सी.एस. न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांच्या मदतीला आले. त्यांचे स्वतःचे पुस्तक १९१३ मध्ये निघाले. दोघांनी फिलहार्मॉनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेच्या नावाने काम चालवले आणि लंडनच्या मूर यांच्याकडून बावीस श्रुती वाजवणारी खास पेटी करवून घेतली. मार्च १९१६ मध्ये बडोद्याला, सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या पुढाकाराने, पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे ही पेटी मांडण्यात आली आणि तिच्यावर आक्षेप आले. पेटीतले स्वर आणि गवयांच्या गळ्यातले स्वर जुळत नाहीत, हा मुख्य. भातखंड्यांनी पुढेही श्रुतींच्या वादात न अडकता बारा स्वरांवर आपली पद्धती उभी केली, आणि शिकवण्याच्या दृष्टीने ती टिकली.

बडोद्याचा प्रसंग हा देवलांचा पराभव म्हणून सांगितला जातो. मला तो तसा वाटत नाही. एका गवयाच्या गळ्यातून घेतलेली मापे दुसऱ्या घराण्याच्या गळ्याशी ताडून पाहिली गेली आणि ती जुळली नाहीत, ही त्या दिवशी मिळालेली खरी माहिती होती. ती कुणीच टिपून ठेवली नाही. एक बाजू आपले आकडे बरोबर म्हणत राहिली, दुसरी ते निरुपयोगी म्हणत राहिली.

पेटीचा विषय निघालाच आहे तर तोही उरकतो. सर्वसाधारण हार्मोनियममधला गांधार समान विभागणीचा, ४०० सेंटवर. शुद्ध गांधार ३८६ वर. हा चौदा सेंटचा फरक, शिवाय मींड काढता न येणे, यांवरून १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत चालली. अलीकडे मुंबईचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी नव्याने घडवली. ओक व्यवसायाने डॉक्टर. साथीला बसणाऱ्याच्या हाताखाली प्रत्येक स्वराच्या दोन जागा असणे, ही सोय म्हणून उत्तमच. गायक याच बावीस जागांवर गातो हा दावा मात्र वेगळा. त्याला वेगळा पुरावा लागतो.

आता ठरल्याप्रमाणे तंबोरा, आणि त्यासाठी मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथल्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी हत्यारांना धार लावण्याचा पिढीजात धंदा बाजूला ठेवून तंतुवाद्ये घडवायला घेतली. पटवर्धन संस्थानात गाणे होते, पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे राहिले, त्यांच्यापाशी विष्णु दिगंबर शिकले, अब्दुल करीम खाँ इथेच स्थायिक झाले. खाँसाहेबांची कबर मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात आजही गवई तिथे हजेरी लावतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तुणीचे लाकूड, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, हाताने कोरलेली पानवेल, हे सगळे त्या मानांकनाच्या बातम्यांत येऊन गेले. श्रुतीच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली गोष्ट या सगळ्याहून बारीक आहे. ती म्हणजे जवारी.

तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी, सपाट नसते. तिच्या माथ्याला तारेच्या दिशेने अगदी थोडा उतार असतो, इतका थोडा की पट्टी टेकवून पाहिली तरच कळावा. कारागीर कानशीने तो उतार धरतो, काचपेपर फिरवतो, तार चढवतो, छेडतो, ऐकतो, तार उतरवतो, पुन्हा दोन हात फिरवतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवायचा. दोरा केसभर पुढे गेला की आवाज कोरडा. केसभर मागे आला की तार पत्र्यासारखी झणाणते. मध्ये एक जागा अशी येते की आवाज भरून फुलतो आणि फुललेलाच राहतो. 'जवारी खुली हवी की बंद?' हा गिऱ्हाइकाला विचारायचा प्रश्न. उत्तर गायकाच्या गळ्यावर ठरते. हे काम करताना कुणी काही मोजत नाही.

१९२१ मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी या घोडीवर लिहिले. पाश्चात्त्य ध्वनिशास्त्रात यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने एक नियम आहे. तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू पडतो, तो उपस्वर त्या आवाजात उमटत नाही. अगदी मधोमध छेडली तर दुसरा, चौथा, सहावा, सगळे सम उपस्वर गायब. रामन यांनी दाखवले की तंबोऱ्यात आणि वीणेत तसे होत नाही, गायब व्हायला हवेत ते उपस्वर चांगले खणखणीत ऐकू येतात. कारण ती घोडी. तार कंप पावताना उतारावर टेकते आणि सुटते. या प्रत्येक टेकण्यात तारेची लांबी क्षणभर बदलते आणि खालच्या उपस्वरांतली ऊर्जा वरच्यांकडे जाते. तबल्या-मृदंगाच्या शाईवर रामन यांनी केलेले काम अधिक प्रसिद्ध झाले, पण माझ्या मते घोडीवरचा हा छोटा लेख जास्त दूरवर पोचणारा आहे.

याचा श्रुतीशी संबंध असा. षड्जाच्या तारेचा पाचवा उपस्वर म्हणजेच ५/४ चा गांधार, दोन सप्तके वर. साध्या तारेत तो क्षीण असतो. जवारी लागलेल्या तंबोऱ्यात तो उचलून धरला जातो आणि चार तारांत कुणीही न छेडलेला गांधार खोलीभर ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. त्या गांधाराच्या शेजारी गळ्यातला गांधार ३०० ऐवजी ३०३.७५ वर लावला तर त्याचा चौथा उपस्वर १२१५ वर जातो आणि तंबोऱ्यातल्या १२०० शी सेकंदाला पंधरा ठोके पडतात. खरखर स्पष्ट कळते. म्हणजे ज्या पाच या संख्येची गणितात मुद्दाम सोय करावी लागली, ती तंबोऱ्यात फुकट मिळते. देवलांच्या सोनोमीटरने जे टिपले त्यातला मोठा वाटा या वाद्याच्या संगतीत घडलेल्या गळ्याचा होता, हे धरून चालायला हरकत नाही. खाँसाहेबांची तंबोरा जुळवण्याबद्दल ख्याती होती, तेव्हा मापासाठी निवडलेला गळाही तसा साधा नव्हता.

या तारेचे गणित पुढे बरेच छळणारे निघाले. एका बाजूने अडथळा असलेली तार कशी हलेल, हे समीकरण सरळ सुटत नाही. १९८२ मध्ये बरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सतारीच्या तारेवर असा शोधनिबंध लिहिला. गेल्या दहा-पंधरा वर्षांत बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात व्हान वॉल्स्टाइन यांच्या गटाने दोऱ्यासकट तंबोऱ्याचे संगणकीय प्रतिरूप बांधले, पॅरिसमध्येही असे काम झाले. दोरा हा मऊ आधार, त्याच्या मागे घोडीची कड हा कठीण आधार, आणि तार या दोघांमध्ये खेळते, असे साधारण चित्र आहे. त्यातून निघणारा आवाज ओळखू येण्याइतका तंबोऱ्याचा असतो.

दुसरीकडे गाण्याचेच मोजमाप सुरू झाले. नझीर जैराझभॉय आणि स्टोन यांनी १९६३ मध्ये हिंदुस्थानी कलावंतांचे स्वर यंत्राने मोजून दाखवले की एकाच रागातला एकच स्वर वेगवेगळे कलावंत वेगवेगळ्या जागी लावतात आणि एकच कलावंतही तो हलवतो. पुढे मार्क लेव्ही यांनी १९८२ मध्ये सविस्तर पुस्तक लिहिले. त्याचा सूरही तोच. त्याच दशकात बर्नार्ड बेल यांनी स्वराची चाल रेषेने काढून दाखवणारे यंत्र घडवले आणि मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात विम व्हान डर मीर, सुवर्णलता राव या मंडळींनी रागांच्या अशा आकृत्या जमवल्या. कोलकात्याच्या संगीत रिसर्च अकादमीत अशोककुमार दत्त आणि सहकाऱ्यांनी श्रुतींवरच काम केले. पवईच्या आय.आय.टी.त प्रीती राव यांच्या प्रयोगशाळेने तबला, पेटी, तंबोरा यांच्या गर्दीतून गळ्याची रेषा वेगळी काढण्याच्या पद्धती विकसित केल्या. २०११ पासून बार्सिलोनाहून चाललेल्या एका मोठ्या युरोपीय प्रकल्पात मुंबई आणि चेन्नईच्या आय.आय.टी. सामील होत्या.

या सगळ्याचे फलित थोडक्यात सांगता येते. एका मैफलीतला प्रत्येक क्षणाचा स्वर मोजला, कोणता स्वर किती वेळ लागला याचा आलेख काढला, तर षड्ज-पंचमाच्या जागी उंच टोके येतात. इतर स्वरांच्या जागी टेकड्या येतात, पसरट माथ्याच्या. दरबारीतल्या आंदोलित गांधाराची तर टेकडीही धड उभी राहत नाही, कारण तो स्वर एका जागी थांबतच नाही. बावीस वेगवेगळी टोके काही दिसत नाहीत. बावीस सेंटची प्रमाणश्रुती त्या टेकडीच्या पोटात सहज नाहीशी होते.

यावर अभियंत्यांच्या बाजूनेही एक सावधगिरी हवी. स्वर जितका आखूड तितका तो मोजायला धूसर, हे ध्वनिसंकेतांच्या गणितातच आहे. सेकंदाला आठ स्वरांची तान घेतली तर प्रत्येक स्वराला एक अष्टमांश सेकंद मिळतो. एवढ्या अवधीत दोन कंपनसंख्या वेगळ्या ओळखायच्या तर त्यांत साधारण आठ कंपनांचा फरक लागतो, आणि ३०० च्या आसपास आठ कंपने म्हणजे पंचेचाळीस सेंट. दोन प्रमाणश्रुती त्यात बुडाल्या. एकटा स्वच्छ स्वर असेल तर याहून बारीक अंदाज निघतो, पण मैफलीत एकटा स्वच्छ स्वर कुठला? तानेतल्या श्रुतींबद्दल जो कुणी छातीठोकपणे बोलतो, त्याला हा हिशेब विचारावा.

मग कान काय करतो? इथे घोडे पेंड खाते. आपल्या कानातली गोगलगाईसारखी नळी उलगडली तर सुमारे पस्तीस मिलिमीटर भरते. तिच्या पडद्यावर तार स्वर तोंडाशी आणि खर्ज शेवटाकडे, अशी विभागणी असते. हंगेरीच्या गेओर्ग फॉन बेकेशी यांना याच लाटेच्या शोधासाठी १९६१ चे नोबेल मिळाले. ऐकण्याचे मुख्य काम साडेतीन हजारांच्या आसपास आतल्या केसपेशींवर चालते. बाहेरच्या ओळीतल्या बारा हजारांच्या घरातल्या पेशी स्वतः आखडून-प्रसरून आलेला स्वर वाढवतात. १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी कानातून बाहेर पडणारा आवाज नोंदवला, तो कानाच्या या सक्रियतेचा पुरावा ठरला. या यंत्रणेच्या जोरावर माणसाला स्थिर स्वरातला तीन ते पाच सेंटचा फरक ओळखता येतो. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ऑपेनहाइम आणि मॅग्नास्को यांनी दाखवले की काही श्रोते वेळ आणि कंपनसंख्या यांची वर सांगितलेली मर्यादाही ओलांडतात. तेव्हा बावीस सेंट ऐकू येणार नाहीत असे नाही. शांत, लांब स्वरात ते नक्की येतात.

गळ्याची गोष्ट निराळी. स्वरतंतू म्हणजे स्नायू आणि श्लेष्मल त्वचा, आणि तेही रक्ताच्या ठोक्याबरोबर हलतात. हृदयाच्या ठोक्याने स्वरात सूक्ष्म चढउतार होतो हे १९८९ मध्ये मोजले गेले आहे. गायक स्वतःचा स्वर ऐकून तो सतत दुरुस्त करत असतो, आणि ही दुरुस्ती नकळत, साधारण दशांश सेकंदात होते. अर्थात ऐकायला मागे काहीतरी अचल हवे. तंबोरा हे त्या दुरुस्तीचे प्रमाण. म्हणून माझ्या दृष्टीने श्रुतीचा विचार गळा एकटा धरून करणे व्यर्थ आहे. गळा, कान आणि तंबोरा मिळून एक यंत्र होते.

उच्चारशास्त्राकडून आलेला धागा मला या सगळ्यांत सर्वांत उपयोगी वाटतो, आणि संगीताच्या लेखनात त्याचीच सर्वांत उपेक्षा झाली आहे. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या हॅस्किन्स प्रयोगशाळेत लिबरमन आणि सहकाऱ्यांनी यंत्राने अक्षरे तयार केली. ब पासून ड, ड पासून ग, असे हळूहळू, सारख्या पायऱ्यांनी बदलत जाणारे आवाज. ऐकणाऱ्यांना बदल हळूहळू झाल्याचे जाणवले नाही. ब, ब, ब, आणि एकदम ड. एका खणातले फरक कानाआड होतात, खणाची सीमा ओलांडली की लगेच कळते. प्रत्येक मराठी माणसाचा ट वेगळा असतो, सातारच्या शेतकऱ्याचा वेगळा, पुण्यातल्या निवेदिकेचा वेगळा, तरी सगळ्यांना तो ट म्हणूनच ऐकू येतो. १९७८ मध्ये बर्न्स आणि वॉर्ड यांनी असाच प्रयोग स्वरांतरांवर केला आणि शिकलेल्या संगीतकारांचा कानही असेच खण पाडतो असे आढळले. त्याच्या चार वर्षे आधी बर्न्स यांनी भारतीय संगीतकारांना घेऊन श्रुतींचाच शोध घेतला होता. निष्कर्ष बाविसांच्या बाजूचा नव्हता.

हा शेवटचा प्रयोग मी पूर्ण मान्य करत नाही. रागातून उपटलेला एकटा स्वर ऐकवून कोमल गांधार ओळखायला सांगणे, म्हणजे वाक्यातून एक अक्षर कापून बोलणारा कुठल्या गावचा ते विचारणे. सातारा-सांगलीचा माणूस ओळखू येतो तो हेलावरून, आणि हेल एका अक्षरात मावत नाही. तो वाक्याच्या चढउतारात असतो. श्रुतीही तशी, स्वरापर्यंत येण्याच्या आणि तिथून निघण्याच्या वाटेत असावी. बागेश्रीचा गांधार आणि दरबारीचा गांधार यांतला फरक गवई ज्या खात्रीने सांगतात, ती खात्री जागेपेक्षा चालीची असते असे मानले तर मोजमापाचे आलेख आणि गवयांचे म्हणणे या दोहोंत विरोध उरत नाही. या कामाला आज जे साधन सर्रास वापरतात ते प्राट नावाचे मोफत सॉफ्टवेअर ॲमस्टरडॅमच्या दोन ध्वनिविज्ञानतज्ज्ञांनी बोलण्याचा अभ्यास करण्यासाठी तयार केलेले आहे, हेही इथे नोंदवायला हवे. आपल्याकडे हा संबंध नवा नाही. नारदीय शिक्षेत वेदपठणातले उदात्त-अनुदात्त आणि गाण्याचे स्वर यांचे नाते जोडलेले आहेच. त्याच परंपरेत मोर षड्ज बोलतो, बैल ऋषभ, कोकीळ पंचम आणि हत्ती निषाद, अशी यादी आहे. तिला विज्ञान म्हणणे अवघड. तरीही २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका थ्रश पक्ष्याची गाणी तपासली गेली तेव्हा त्याचे स्वर उपस्वरांच्या पायऱ्यांवर बसताना आढळले. आपल्या महाबळेश्वर-कोयनेच्या रानात शीळ घालणारा कस्तूर त्याचा लांबचा भाऊबंद. पावसाळ्याच्या पहाटे त्याची शीळ ऐकली की कुणी माणूस वाट चुकला असेल असे वाटून आपण वळून बघतो. त्याच्या शिळेचा असा हिशेब कुणी बसून मांडला तर मला वाचायला आवडेल.

सांगलीकरांपैकी भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ग. ह. रानडे यांनी १९३० च्या दशकाअखेर हिंदुस्थानी संगीताचे भौतिकशास्त्र आणि सौंदर्यशास्त्र एकाच पुस्तकात आणले. खाँसाहेबांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनीही श्रुतींवर लिहिले. अलीकडे जे चालले आहे ते बहुतेक मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि परदेशात. मिरजेच्या घोडीचा उतार प्रतिरूपांत बहुधा एका सोप्या वक्राने दाखवतात. कारागिराने धरलेला उतार तसा सोपा असेलच असे नाही. तेव्हा एक काम इथेच करण्यासारखे आहे: चांगल्या कारागिराच्या वीस-पंचवीस घोड्या, जवारी लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर, सूक्ष्म मापकाखाली ठेवून नोंदवल्या तर बेलफास्टच्या गणितालाही खरी सामग्री मिळेल.

दुसरे काम त्याहून स्वस्त आहे. देवलांनी ज्यांचा गळा मोजला त्या अब्दुल करीम खाँच्या तबकड्या उपलब्ध आहेत, काही १९०५ च्या, बऱ्याच १९३४ ते १९३६ च्या. देवलांचे आकडे त्यांच्याशी ताडून पाहता येतील. तबकडी नेमक्या कोणत्या वेगाने फिरत होती हे ठाऊक नसले तरी बिघडत नाही, कारण वेग बदलला तर सगळेच स्वर एकाच प्रमाणात वर-खाली होतात आणि त्यांची गुणोत्तरे तशीच राहतात. अडचण वेगळीच. ध्वनिमुद्रण चालू असताना, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, वेगात एक टक्का जरी फरक पडला असेल तर त्यातून सतरा सेंटची चूक शिरते, आणि जी प्रमाणश्रुती शोधायची तीच बावीस सेंटची. तेव्हा प्रत्येक स्वर त्याच क्षणी मागे वाजणाऱ्या षड्जाशी लावून मोजावा लागेल. १९०५ च्या तबकड्या भोंग्यात गाऊन केलेल्या, त्यांत मागचा षड्ज धड ऐकू येत नाही. १९३० च्या दशकातले मुद्रण विद्युत मायक्रोफोनवरचे आहे. सुरुवात तिथून करावी.